रात्रीचा गारवा

चाकणच्या कंपनीतल्या बंद खोलीत दिव्यांच्या उजेडावर वाढवलेली बटाट्याची झाडं कमरेएवढी झाली होती, पण उपटल्यावर निघाले गोट्यांएवढे बटाटे. मॅनेजरसाहेब झाडं सांभाळणाऱ्या रोहिदासवर उखडले. “पाणी वेळेवर दिलं नाहीस. उद्यापासून येऊ नकोस!” “दिलं ओ साहेब, लेकरासारखं जपलंय,” रोहिदास काकुळतीनं म्हणाला. तिथंच काम करणाऱ्या तनुजाला ते बघवेना. वाढीचा अंदाज सांगणारा संगणकातला प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता. पाणी ठरलेलंच ठेवून तिनं त्यात खोलीत नोंदलेलं रात्रीचं खरं, चढं तापमान भरलं. पडद्यावर उत्तर आलं: पाला भरघोस, बटाटे गोट्यांएवढे. “साहेब, बटाटा पोसायला रात्री गारवा लागतो. एसी कोण बंद करतं?” साहेबांनी मान खाली घातली. “वीज वाचवायला मीच करायचो. चुकलो, रोहिदास.” “असू द्या, साहेब,” रोहिदास डोळे पुसत म्हणाला, “नवं बेणं लावू. एसीला तेवढा हात नका लावू.”