पालकाची सही

बावन्नाव्या वर्षी आईनं कॉलेजात नाव घातलं, तेव्हा मकरंदनं ऑफिसभर पेढे वाटले होते. आता वर्ष सरताना तो प्राचार्यांसमोर मान खाली घालून बसला होता. हजेरी कमी भरली म्हणून पालकाला बोलावलं होतं, आणि पालक म्हणून आईनं त्याचंच नाव दिलं होतं.

“यांचे निम्मे तास कँटीनमध्येच गेलेत,” प्राचार्य म्हणाले.

“आई, तू? माझा एक तास बुडला तर लाटणं घेऊन मागे लागायचीस!”

“तीस वर्षं स्वयंपाकघरात एक खाडा नाही रे केला,” आई ओशाळली. “म्हटलं, कसं वाटतं ते बघावं तरी.”

पुढच्या वर्षी एकही तास बुडवणार नाही, असं आईनं लिहून दिलं. खाली मकरंदनं सही ठोकली.

बाहेर येताच ती हळूच म्हणाली, “चल, आमचं टेबल दाखवते. तुझाही आज ऑफिसला खाडा झालाच आहे.”