जिंकलो तर वीस रुपये

"नेमूकाका, आपल्याच गावात आपण पाहुणे झालो," मध्यंतराला कबड्डी संघाचा कर्णधार इम्तियाज कुरकुरला.

खरंच होतं. गावातले निम्मे माग बंद, तिकीट काढून कोण येणार? म्हणून सेक्रेटरी नेमिनाथ चौगुलेंनी फलक लावला होता : प्रवेश फुकट, आपण जिंकलो तरच जाताना वीस रुपये. मैदान भरलं, पण वीस रुपये वाचावेत म्हणून अख्खं गाव समोरच्या संघाला चेतवत होतं. नेमिनाथांची बायकोसुद्धा.

नेमिनाथांनी माइक घेतला. "नियम बदललाय. हरलो तर वीस रुपये."

मग असा गलका उठला की पंचांची शिट्टी ऐकू येईना. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. इम्तियाजने नेमिनाथांकडे पाहिलं. तो पकडला गेला तर पैसे जमणार होते. नाहीतर संघाची मॅट विकावी लागणार होती. नेमिनाथ सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडले, "अरे, माझ्याकडं काय बघतोस? गडी मार!"

संघ जिंकला. नेमिनाथ रिकामा डबा घेऊन दारात उभे राहिले, पण बाहेर कोणी जाईना.

"भाऊजी, पुढच्या रविवारची तिकिटं आत्ताच द्या," शेजारच्या कांचनवहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "नंतर जागा मिळायची नाही. आणि ते हारजितीचं बंद करा, साधं तिकीट ठेवा. घसा बसला माझा."

तिकिटं छापलेलीच नव्हती. नेमिनाथांनी गुणपत्रक उलटं केलं आणि पाठीमागं चौकोन आखायला घेतले.