कार्डाची काळजी

संपाच्या धावपळीत लवू परबांचं गिरणीचं कार्ड भिजून लगदा झालं आणि पुढे गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत "पुरावा काय?" एवढ्यावरून त्यांचं नाव कटलं. तेव्हापासून डिलाईल रोडच्या त्यांच्या खोलीत एकही कार्ड उघडं राहिलं नव्हतं.

बहिणीचं लग्न उरकून त्यांचा मुलगा जयवंत दुबईला निघाला, तेव्हा डिजिटल कॅमेरा त्याने वडिलांच्या हवाली केला. "बाबा, बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा. आणि हे मेमरी कार्ड जिवापाड जपा, लग्नाचे सगळे फोटो यातच आहेत. पाणी, धूळ लागता कामा नये. कोणाकडून तरी एक कॉपीपण काढून घ्या."

गणपतीला जयवंत परत आला. बॅटरी पेढ्यांच्या डब्यात ठणठणीत होती, चार्जर रुमालात गुंडाळलेला होता. मेमरी कार्ड मात्र जाड प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट होऊन, मशीनच्या गरमीने पापडासारखं चपटं झालं होतं.

जयवंतने ते उलटसुलट करून पाहिलं. "बाबा, कॉपी तरी काढलीत ना?"

"म्हणजे काय!" लवू परबांनी ट्रंक उघडली.



"तीन झेरॉक्स आहेत, पाठपोट. वर 'ट्रू कॉपी'चा शिक्कासुद्धा मारून घेतलाय."