गाडी पिकअप घेत नाही

"उभी असताना काही नाही," बाई म्हणाली. "गल्लीबोळात हळू चालवली तरी काही नाही. पण जोरात पाय दाबला की अडखळते. जाऊ की नको, असा विचार करते."

मेकॅनिक साठीचा होता. त्यानं वाकून मीटर पाहिला. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर. "या वयात चढ बघितला की आम्हीही विचार करतो," तो म्हणाला.

बाई हसली नाही. मुलीची शाळा सुटायला दीड तास उरला होता.

"कधीपासून होतंय?"

"दोन महिने झाले. गेल्या महिन्यात हायवेला चढत होते. मुलगी मागे बसलेली. मागून ट्रक आला आणि ही ओढेचना. कशीबशी कडेला घेतली आणि परत फिरले."

"साहेबांनी चालवून बघितली?"

"बघितली. ते म्हणतात, गाडी ठणठणीत आहे, माझाच पाय कच्चा."

मेकॅनिकनं तिला शेजारी बसवलं आणि गाडी स्वतः बाहेर काढली. मोकळा रस्ता लागल्यावर त्यानं पाय दाबला. गाडीनं आचका दिला, दम खाल्ला आणि मग नाइलाजानं पुढे सरकली.

"पाय कच्चा नाही तुमचा, ताई."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. गॅरेज येईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

प्लग काढून पाहिले, ठीक होते. पेट्रोलचा दाब मोजला, ठीक होता. एअर फिल्टर तर कोरा करकरीत. मेकॅनिक हात पुसत नुसताच उभा राहिला. मग फिल्टरच्या डब्यात बाहेरची हवा आणणारा रबरी पाइप त्यानं सोडवला आणि गाडी तशीच पुन्हा रस्त्यावर नेली. या वेळी पाय दाबला तशी गाडी सुसाट सुटली. बाईची पाठ सीटला टेकली.

परत आल्यावर त्यानं तो पाइप उजेडात धरला आणि लांब पक्कड आत घातली. आतून निळ्या चौकडीचं कापड निघालं. हवा पुरती बंद होणार नाही, पण पुरणारही नाही, अशा बेतानं बसवलेलं.

मेकॅनिकनं एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "उंदीर ओढून नेतात," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांत होतं असं."

तिनं कापड हातात घेतलं. जेवणाच्या टेबलावरचा रुमाल होता. कडेची टीप तिनंच घातली होती. रुमाल चार पदरी होता, कडेला कड अगदी नेमकी जुळवलेली.

"उंदराला घडी घालता येत नाही, काका."

तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो कानाला लावला. ती काही सांगायच्या आधीच पलीकडून आवाज आला, मेकॅनिकलाही ऐकू जाईल एवढा स्वच्छ. "गॅरेजमध्ये काय करतेस?"

"गाडी झटके खात होती. दाखवायला आणली."

"दे त्याला."

तिनं फोन पुढे केला. मेकॅनिकनं तो काळ्या बोटांनी धरला. रुमाल तिच्या मुठीत होता.

"बोला साहेब... हो, सगळं तपासलं... नाही, बिघाड असा काही नाही. वय झालंय गाडीचं."

पलीकडचा माणूस खूश झाल्यासारखा काहीतरी बोलला. मेकॅनिकनं फोन तिला परत दिला आणि पाइप उचलला. "चला, आता हा रिकामाच बसवतो. तुम्ही निघा."

"रिकामा नको," ती म्हणाली. "जसं होतं तसं करा."

तो बघतच राहिला.

"आज गाडी पळायला लागली तर संध्याकाळी त्यांच्या लक्षात येईल. मग पुढच्या वेळी फडकं नसेल, काका. किल्लीच नसेल." तिनं आवाज खाली आणला. "गुरुवारी सकाळी ते साडेआठला बाहेर पडतात. मुलीची शाळा नऊची. हा पाइप कसा काढायचा तेवढं मला शिकवा."

मेकॅनिकनं पाइप रिकामाच जागेवर बसवला. मग त्यानं बॉनेटचा दांडा नीट अडकवला आणि बाजूला सरकून तिला जागा करून दिली. "हा क्लिप. अंगठा खाली लावायचा, दोन बोटं वर. दाबायचं आणि ओढायचं. पान्याचं काम नाही."

पहिल्यांदा तिचं नख तुटलं. दुसऱ्यांदा क्लिप सुटला, पण पाइप हलेना. पाचव्या वेळी दोन्ही जमलं. आठव्या वेळी ती क्लिपकडे बघत नव्हती, गॅरेजच्या दाराकडे बघत होती, आणि हात आपले आपण काम करत होते.

"झालं," मेकॅनिक म्हणाला. त्यानं रुमाल घेतला आणि गुंडाळून आत कोंबायला निघाला.

"असा नाही."

तिनं तो काढून घेतला. मडगार्डवर पसरला, तळव्यानं सुरकुत्या सारख्या केल्या आणि कडेला कड जुळवत चार पदरी घडी घातली. घालताना तिचा हात अडखळला नाही. मग तिनंच तो पाइपमध्ये पकडीनं आत सरकवला, होता तेवढाच आत, आणि क्लिप लावला.

गाडी गॅरेजमधून बाहेर पडली. मोठ्या रस्त्याला लागताना तिनं पाय दाबला आणि गाडी आचका देऊन जागीच रेंगाळली. मागच्या गाडीवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माफी मागितली.