हाताचं वजन

अवकाशस्थानकात कित्येक महिने काढून अश्लेषा पृथ्वीवर परतली होती. यानातून उचलून तिला तंबूतल्या खुर्चीत बसवलं, तेव्हा मान सावरणंही तिच्या जिवावर आलं. वर पिसासारखं तरंगणारं शरीर इथे ओल्या पोत्यासारखं झालं होतं.

पाच वर्षांची ऋजुला बाबाच्या मागे लपली. "ये ना," अश्लेषा म्हणाली, पण हात काही पुढे होईना.

"ती मला घेतच नाही," ऋजुला रडवेली झाली.

"अगं, तिला हातच उचलवत नाहीये," बाबा म्हणाला.

ऋजुला हळूच पुढे आली. दोन्ही हातांनी आईचा हात उचलून तिने आपल्या खांद्यावर घेतला. "बाप रे, केवढा जड!"

"थकशील गं, ठेव खाली."

"नको," म्हणत ऋजुलाने तो हात घट्ट धरून ठेवला.