ताईंनी दिलेला कंद

कलावतीच्या अंगणातल्या टबात पिवळी वॉटर लिली उमलली होती, आणि ती उमलणं शक्यच नव्हतं. तिचा कंद शेजारच्या नीलिमाने स्वतः उकळत्या पाण्यात घातला होता. चांगली दहा मिनिटं.

बुद्ध पौर्णिमेची सकाळ होती. कलावतीने सगळ्या गल्लीला खिरीला बोलावलं होतं. बायका टबाभोवती जमल्या होत्या. पाण्याच्या वीतभर वर, ताठ देठावर ते फूल उभं होतं आणि वास थेट फाटकापर्यंत येत होता.

"देखो, ये हमारी दीदी ने दिया है," कलावतीचे यजमान अंबादास येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. फॅक्टरीतून रिटायर झालेला हा अबोल माणूस आज बोलायचा थांबत नव्हता. नीलिमाला पाहून त्यांनी हात जोडले. तिला मान वर करवेना.

जबलपुरात गुलाबी, पांढऱ्या लिली पुष्कळांकडे होत्या. ही पिवळी, ठिपकेदार पानांची, एकट्या नीलिमाच्या हौदात. थंडी सोसायची नाही तिला. दर डिसेंबरात नीलिमा कंद काढून ओल्या वाळूत जपायची. मराठी मंडळाच्या प्रदर्शनात चार वर्षं पहिला नंबर तिचाच. कोणी कंद मागितला की म्हणायची, यंदा धरलेच नाहीत. पण मार्चमध्ये अंबादास आणि कलावती मागायला आले, तेव्हा कंद तिच्यापुढेच मांडलेले होते. दोघं फाटकाबाहेर उभे राहिले. आत या, असं तीही म्हणाली नाही. नाही म्हणायला तोंड उघडेना, द्यायला हात होईना. "उद्या देते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी अक्रोडाएवढा एक कंद उकळला, गार केला आणि कागदात बांधून दिला.

कंदाचा एखादा डोळा जिवंत राहिला असेल. टबाशी उभ्या उभ्या नीलिमाने स्वतःला तेच पटवलं. देवानेच आपली लाज राखली, असं वाटून तिला जरा सुटल्यासारखं झालं.

कलावती वाट्या भरायला आत गेली. नीलिमा मागोमाग गेली. या घराचं स्वयंपाकघर ती पहिल्यांदाच पाहत होती.

"लागला म्हणायचा कंद," ती म्हणाली.

कलावतीचा हात थांबला नाही. ती खीर वाढत राहिली. "तो नाही लागला, ताई. हॉस्टेलात तीस वर्षं आलू उकडले मी. हातात घेतला तेव्हाच समजलं."

नीलिमाचे कान तापले.

"मग... हे फूल?"

"कलकत्त्याच्या नर्सरीतून मागवलं. सलोनीनं फोनवरून ऑर्डर केलं. आमची पोरगी."

"अहो, मग माझं नाव का सांगता सगळ्यांना?"

"मी कुठं सांगून राहिली? हे सांगून राहिले. यांना मालूम नाही काही."

"मी आत्ता बाहेर जाते. सगळ्यांसमोर खरं काय ते सांगते."

"नका सांगू." कलावतीचा आवाज चढला नाही, पण तिने पहिल्यांदाच नीलिमाच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्हाला हलकं वाटेल. यांचं काय?" तिने खिरीची वाटी नीलिमाच्या हातात दिली. "एवढं करा, ताई. यांच्यासमोर खुश दिसा."

बाहेर सलोनी मोबाइल घेऊन उभी होती. अंबादासांनी बायकांना बाजूला सारून टबापाशी नीलिमासाठी जागा केली. ती उभी राहिली. हातातली वाटी तिने दोन्ही हातांनी धरली.

"आंटीजी, थोडं हसा ना," सलोनी म्हणाली.

नीलिमा हसली. अंबादास तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आनंदाने म्हणाले, "एकवीस वर्षं झाली भिंतीला भिंत लागून. तुमच्या घरून आमच्या घरी पहिल्यांदाच काही आलं, ताई."