टॉर्च धरायला कुणीतरी

गेमसाठी लेकीनं आपला कॉम्प्युटर मूळ वेगापेक्षा जोरात पळवायला घेतला आणि तिथूनच त्याचं बिनसलं. खेळ ऐन रंगात आला की स्क्रीन काळी. तिनं पंखा बदलला, रॅम काढून पुसून बसवली, पण पठ्ठ्या दाद देईना. रोज संध्याकाळी ती खोकं उघडून हताश बसायची आणि बाबा शेजारी टॉर्च धरून उभे राहायचे.

"एवढं कशाला पळवतेस गं बिचाऱ्याला?" ते विचारायचे. मग वेगाचा आकडा कुठे असतो, तो वर-खाली कसा करायचा, हे ती त्यांना शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावायची.

शेवटी काल तिनं हार मानून आकडा खाली आणला. गेम सुरळीत चालला.

"म्हणजे आता टॉर्चचं काम नाही," म्हणत बाबा दारात जरा रेंगाळले. तिनं हेडफोन चढवले होते.

आज कामावरून येऊन ती खेळायला बसली, तर स्क्रीन पुन्हा काळी. रडूच यायचं बाकी होतं. हाक मारायच्या आधीच बाबा टॉर्च घेऊन हजर.

"पुन्हा रुसला का गं?"

तिनं सेटिंग उघडलं. काल खाली आणलेला आकडा वर चढला होता. तो कसा चढवायचा, हे तिनं घरात एकाच माणसाला शिकवलं होतं.



"बाबा, टॉर्च जरा जवळ धर," ती म्हणाली. "हे काही एवढ्यात सुधारायचं नाही."